75 इंची पॅनल आणि खडूची पूड: शाळेत वर्षभर वापरल्यानंतर

वर्गात लावायचा डिजिटल फळा, म्हणजे बोटाने लिहायचं टच पॅनल; त्याची स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत. 75 इंच, 4के, अँड्रॉइड, एका वेळी वीस बोटांचा टच. कोटेशन घेऊन येणारा प्रत्येक जण तेच म्हणून दाखवतो, त्यामुळे ते सोडते. मला बोलायचंय ते खडूबद्दल, कारण त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

आमची जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा. पॅनल आलं लोकवर्गणीतून. गणपती मंडळाने त्या वर्षी डीजे लावला नाही, ते पैसे इकडे दिले. मुंबईला माथाडीत असलेल्या गावकऱ्यांनीही आपापल्या परीने पाठवले. ग्रामसभेत पै-पैचा हिशेब मला विचारतात, तेव्हा हा रिव्ह्यू थोडा चिडूनच लिहिलेला आहे हे गृहीत धरा.

सुरुवातीचे दोन-तीन महिने झकास गेले. मग दिवाळीच्या सुट्टीनंतर पॅनल स्वतःच लिहायला लागलं. मी अपूर्णांक मांडतेय आणि खालच्या कडेला आपोआप ठिपके उमटताहेत, पान आपोआप पुढे सरकतंय. पोरं खूश. "मॅडम, भूत आलं!"

टोल फ्रीवर बरीच रेकॉर्डेड गाणी ऐकल्यावर एकदाचा तंत्रज्ञ आला. पाहताक्षणी म्हणाला, "मॅडम, खडू वापरता का?" म्हटलं, शाळा आहे, दुसरं काय वापरणार? या पॅनलच्या चौकटीत आतून चारी बाजूंना इन्फ्रारेडचे (डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचे) बारीक दिवे आणि त्यांच्या समोर सेन्सर असतात. बोटाने किरण अडला की पॅनलला जागा कळते. बोटच लागतं असं नाही, किरण अडवेल ते काहीही चालतं: पट्टी, काठी, पेनाचं टोपण. आणि खालच्या खाचेत साचलेली खडूची पूडसुद्धा. विक्रेत्याच्याच माणसांनी पॅनल फळ्याला खेटून लावलं होतं. रोज डस्टर फिरलं की पूड सरळ खाचेत.

त्याने ब्लोअर मारला, ठिपके गेले, आणि हातात बिल ठेवलं. तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी आहे हो आमची! "धूळ वॉरंटीत येत नाही, ते युजर मेंटेनन्समध्ये येतं." विहिरीवर बसवायची मोटर विकायची आणि पाणी लागलं तर वॉरंटी नाही म्हणायचं, त्यातला प्रकार. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष फोनवर असे काही तापले की शेवटी व्हिजिटिंग चार्ज माफ झाला. पण "फक्त यावेळेपुरता".

त्यानंतर आमचं आम्हीच भागवलं. रंगकामाचा अर्धा इंची कोरडा ब्रश आणला. शनिवारी पॅनलचा प्लग काढून सातवीच्या मुली खाच झाडतात. पाणी किंवा स्प्रे अजिबात नाही. साधा खडू जिप्समचा असतो, त्याची पूड उडते. डस्टलेस खडूची पूड जड असल्याने खाली बसते. तो घेऊन पाहिला, पण सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशांत वर्षभर परवडत नाही. शेवटी पॅनलच उचलून समोरच्या भिंतीवर नेलं. पोरं बस्करांवर बसतात, त्यामुळे वर्ग फिरवायला मिनिटही लागत नाही. फळा हवा तर इकडे तोंड, पॅनल हवं तर तिकडे. हे पहिल्याच दिवशी विक्रेत्याला सुचायला हरकत नव्हती.

नवीन भिंतीवर नवीन दुखणं: पश्चिमेच्या खिडकीतून चारच्या सुमारास ऊन थेट काचेवर येतं आणि टच गडबडतो. जुन्या साडीचा पडदा लावला, मिटलं. पावसाळ्यात उजेडाला किडे येतात, तेही पॅनलच्या हिशेबी बोटंच. एकदा संख्यारेषेवर 3/4 च्या जागेवरून एक किडा सावकाश 1 पर्यंत चालत गेला आणि मागे निळी रेघ. त्या दिवशी गणित तिथेच थांबलं.

एवढं वाचून पॅनल घेऊ नका असं मी सांगणार, असं वाटत असेल. इथवरचा मजकूर मी आधीच लिहून ठेवला होता, आणि तेव्हा दोनच स्टार देणार होते. नंतर मत बदललं.

बदललं ते व्हिडिओंमुळे नव्हे. व्हिडिओ लावला की वर्ग शांत बसतो, पण शांत बसणं म्हणजे शिकणं नव्हे. बदललं ते सेव्हच्या बटणामुळे. फळा पुसला की गेला. इथे कालचं पान आज जसंच्या तसं उघडतं. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी, कांदा काढणीला पोरं हटकून गैरहजर. पूर्वी दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी सगळं पुन्हा मांडा. आता पाचवीतला एक पोरगा आला की स्वतः कालचं पान उघडतो आणि बाजूच्याला विचारतो, "इथं हे कुणी चुकवलंय?" चुकलेलं उत्तरही तिथेच असतं, खोडून शेजारी बरोबर केलेलं. फळ्यावर ते कधी उरत नव्हतं.

दुसरं, चार जण एकाच वेळी लिहू शकतात. संख्यारेषेवर एकीने 1/2 मांडायचा, दुसऱ्याने 5/8, तिसऱ्याने 3/4, आणि मग भांडायचं. 1/8 हा 1/4 पेक्षा मोठा, कारण 8 मोठा, या गैरसमजाशी वर्षानुवर्षं अडलेलं घोडं त्या भांडणात पुढे सरकलं. नंतर तेच पाटीवर करून घेते, नाहीतर ते पॅनलपुरतंच राहतं.

आता पैशांचं. विक्रेता सोबत 'डिजिटल कंटेंट' गळ्यात मारतो. घेऊ नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स (स्क्रीनवर करून बघायचे गणित-विज्ञानाचे प्रयोग) फुकट आहेत, कितीतरी मराठीतही, आणि एकदा उतरवली की नेटशिवाय चालतात. अपूर्णांक आणि विद्युत परिपथ यांची तर जरूर पाहा. 2017 पासूनचं सरकारी दीक्षा ॲप आहेच. माढ्याजवळच्या परितेवाडीच्या शाळेत डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले तेव्हा ते नवल होतं, आता ते प्रत्येक पुस्तकात आहेत. आमच्या पॅनलला कॅमेरा नाही, त्यामुळे स्कॅन होत नाही. पण कोडखाली सहा अक्षरं छापलेली असतात, ती दीक्षात टाइप केली की धडा उघडतो. विक्रेत्याने यासाठी वेगळा कॅमेरा सुचवला होता!

शिक्षकांचाही एक फायदा. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण सांगितलंय. ते मोबाइलवर एकट्याने उरकण्यापेक्षा शाळा सुटल्यावर आम्ही पॅनलवर एकत्र बघतो, मध्येच थांबवून वाद घालतो. प्रमाणपत्र मात्र ज्याचं लॉगिन त्यालाच, मग बाकीच्यांनी घरी पुन्हा तेच बघायचं.

वीज गेली की सगळं ठप्प; इन्व्हर्टरचा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो, तो आधी विचारा.

साडेतीन स्टार. अर्धा कापला तो खडूचा. घेणार असाल तर 'धूळ साफ करणे वॉरंटीत' हे वाक्य ऑर्डरवर लिहून, सही-शिक्क्यानिशी घ्या. आमची वॉरंटी अजून शिल्लक आहे. तो तंत्रज्ञ परत आला तर चहा नक्की मिळेल, व्हिजिटिंग चार्ज नाही.