फिलिपिन्समध्ये माणसं नेमली, दर महिन्याला पूर्ण पैसे भरले, आणि त्यांच्या खात्यात काहीच पोचलं नाही

पुण्यात आमची १४ जणांची छोटी कंपनी आहे. दंतवैद्यांच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. गिऱ्हाइकं बहुतेक सिडनी-मेलबर्नची. सिडनीत सकाळी आठला दवाखाना उघडतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, त्यांच्या उन्हाळ्यात तर अडीच. एवढ्या पहाटे फोन घ्यायला पुण्यात रोज माणूस बसवणं आम्हाला दोन वर्षं जड गेलं. म्हणून २०२३ च्या शेवटी ठरवलं, की फिलिपिन्समधली तीन माणसं घ्यायची. ते आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, फोनवरचं इंग्रजी उत्तम, आणि घरून काम करायची तयारी.

तिथे आमची कंपनी नोंदलेली नाही, त्यामुळे मध्यस्थ लागणार होता. या धंद्यात त्याला 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड' म्हणतात, म्हणजे कागदोपत्री मालक. माणसं तुम्ही निवडायची, काम तुम्ही सांगायचं. नेमणूकपत्र, पगार, कपाती, सरकारी भरणा हे सगळं त्याने तिथल्या कायद्याप्रमाणे करायचं. बाकीच्यांनी माणशी महिन्याला तीन-चारशे डॉलरच्या वर फी सांगितली होती. एका ओळखीच्या उद्योजकाने सेबू शहरातली एक कंपनी सुचवली, तिने ९० डॉलर सांगितले. आम्ही चौकशी केली. कंपनी खरी होती, तिथल्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनकडे नोंदलेली होती. आम्ही तिथेच थांबलो. कंपनी नोंदलेली असणं आणि ती आमच्या माणसांची मालक म्हणून सरकारदरबारी नोंदलेली असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून तिघं कामाला लागले. प्रत्येकाचा पगार ३२,००० पेसो, म्हणजे साधारण ४७,००० रुपये. मध्यस्थाचं बिल इतकं नेटकं असायचं की बघून समाधान वाटावं. पगार ३२,०००. एसएसएसमध्ये मालकाचा हिस्सा २,८८० (एसएसएस म्हणजे तिथली सामाजिक सुरक्षा: पेन्शन, आजारपण, बाळंतपण सगळं त्यात येतं). फिलहेल्थ या आरोग्यविम्याचे ८००. पागिबिग या गृहनिधीचे २००. तेराव्या पगाराची (वर्षाअखेरी द्यायच्या जादा एका महिन्याच्या पगाराची) राखीव रक्कम २,६६७. वर ९० डॉलर फी. माणसांना मिळणाऱ्या पगारपत्रकातही त्यांच्या हिश्शाची कपात अचूक दिसायची: १,३५०, ८०० आणि २००. आयकर वेगळा. मी हे आकडे त्या वर्षीच्या सरकारी दरांशी स्वतः ताडून पाहिले होते. पेसोचाही फरक नव्हता.

आमच्या बाजूचे कागदही चोख. दर महिन्याला बँकेतून पैसे पाठवायचे, १५सीए (परदेशी पैसे पाठवताना आयकर खात्याला द्यायचा फॉर्म) भरायचा, परदेशातून सेवा घेतली म्हणून रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्यानेच, १८ टक्के जीएसटी भरायचा. आमचे सीए एकदा जूनमध्ये म्हणाले, "तिकडच्या भरण्याची चलनं मागवून ठेवा." मी मागितली. दोन दिवसांत पावती आली: एसएसएसचा शिक्का, एक मोठी रक्कम, पेमेंट क्रमांक. नावं नव्हती. मी ती फाइलला लावली. आपल्याकडे पीएफ भरताना ईसीआरमध्ये (दर महिन्याच्या भरण्याच्या विवरणात) एकेका माणसाचं नाव आणि यूएएन, म्हणजे त्याचा पीएफ क्रमांक, असतो, ते आमच्याच ऑफिसात दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत होतं. तरी तिथल्या पावतीत नावं का नाहीत, हे मी विचारलं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण सगळी फसवणूक यावरच उभी होती. करारात एक कलम होतं: ग्राहक कंपनीने कर्मचाऱ्याशी पगार, कपाती आणि सवलतींबद्दल थेट बोलू नये. कारण असं दिलं होतं, की तुम्ही पगाराबद्दल बोललात तर कायदा तुम्हालाच मालक धरेल. ऐकायला ते पटण्यासारखं होतं. आम्हाला भीती कायद्याचीच होती, म्हणून आम्ही ते कलम मनापासून पाळलं. रोज सकाळी व्हिडिओवर भेटणाऱ्या माणसांना मी नऊ महिने एकदाही विचारलं नाही, की तुमचा एसएसएस जमा होतोय ना? तिघांनाही दुसऱ्या बाजूने हेच सांगितलेलं होतं. पगाराची तक्रार ग्राहकाकडे नेली तर काम जाईल.

एक खूण ऑक्टोबरमध्येच दिसली होती. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सिडनीची घड्याळं तासभर पुढे जातात. आमच्या माणसांची सकाळी सहाची पाळी पाचला सुरू झाली. मी मध्यस्थाला ईमेल केला: वेळ बदलल्याने पगारात काही बदल होतो का? उत्तर आलं: काही नाही. खरं म्हणजे फिलिपिन्सच्या लेबर कोडच्या ८६व्या कलमानुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या प्रत्येक तासाला किमान दहा टक्के जादा द्यावे लागतात. रोजचा एक तास रात्रपाळीत मोडत होता. तिथला पगार सांभाळणाऱ्या कुठल्याही साध्या कारकुनाला हे तोंडपाठ असतं. ज्यांना ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून सांगायचं नव्हतं, त्यांच्यावर आम्ही तीन माणसांचं म्हातारपण सोपवलं होतं.

नोव्हेंबरमध्ये तिघांपैकी एकीने मला रात्री उशिरा मेसेज केला. तिचं नाव इथे लिहीत नाही. ती गरोदर होती, मार्चची तारीख होती. तिने लिहिलं होतं, "मॅम, मला हे तुम्हाला सांगायची परवानगी नाही, पण दुसरं कोणी उरलेलं नाही." सोबत एसएसएसच्या संकेतस्थळावरच्या तिच्या स्वतःच्या खात्याचा फोटो. डावीकडे वर्षं, वर महिन्यांची नावं. २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत आकडे होते, ते तिच्या जुन्या कॉल सेंटरने भरलेले. डिसेंबर आणि जानेवारीत ती घरी होती, ते रकाने रिकामे असणारच. पण फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, थेट सप्टेंबरपर्यंत सगळे रकाने कोरे. दुसऱ्या दिवशी बाकीच्या दोघांनी खाती उघडली. तीच स्थिती. फिलहेल्थ आणि पागिबिगमध्येही काही नाही. तिने मध्यस्थाला ऑगस्टपासून तीनदा विचारलं होतं, प्रत्येक वेळी उत्तर एकच: सरकारी सिस्टिम उशिरा अपडेट होते.

तिच्यावर याचा काय परिणाम झाला ते नीट सांगायला हवं. तिथे २०१९ पासूनच्या कायद्याने बाळंतपणाची १०५ दिवसांची भरपगारी रजा आहे. त्यातला मोठा भाग एसएसएस देतं. अट अशी, की प्रसूती ज्या सहामाहीत येते तिच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान तीन महिन्यांचा भरणा हवा. मार्च २०२५ ची तारीख धरली तर ते १२ महिने ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४. जुन्या नोकरीचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे दोनच महिने तिच्या हाताशी. आम्ही आठ महिन्यांचे पैसे दिले होते, त्यातला एक जरी भरला गेला असता तरी ती पात्र ठरली असती. ३२,००० च्या पगारावर वेळेवर भरणा झाला असता तर तिला एसएसएसकडून ७०,००० पेसो मिळायला हवे होते. ती फोनवर रडली नाही. "आता मी कधीपर्यंत काम करू शकते?" एवढंच विचारलं. तो प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

आम्ही मध्यस्थाला लिहिलं. पहिलं उत्तर आलं, तपासतो. दुसऱ्याला वेळ लागला. तिसऱ्या ईमेलपासून काही नाही, फोन बंद. हिशोब केला. माणशी महिन्याला मालकाचा आणि कामगाराचा हिस्सा मिळून ६,२३० पेसो, अधिक तेराव्या पगाराचे २,६६७. तीन माणसं, दहा महिने. दोन लाख सहासष्ट हजार पेसोंच्या वर, म्हणजे चार लाख रुपयांच्या आसपास. ९० डॉलरची फी स्वस्त का होती ते तेव्हा कळलं. फी ही त्यांची कमाईच नव्हती.

सेबूतल्या एका वकिलाचा सल्ला घेतला. त्यांनी आमचा गैरसमज पहिल्या दहा मिनिटांत दूर केला. तिथली न्यायालयं खरा मालक कोण हे ठरवताना चार गोष्टी बघतात: माणूस निवडला कोणी, पगार कोण देतं, काढून कोण टाकू शकतं, आणि काम कसं करायचं हे कोण सांगतं. शेवटची सगळ्यात वजनदार. माणसं आम्ही निवडली होती, रोजचं काम आम्ही सांगत होतो, नको म्हटलं तर ती जाणार होती. लेबर कोडचं १०६वं कलम तर सांगतं, की ज्याच्याकडे भांडवल आणि साधनं नाहीत आणि जो नुसती माणसं पुरवतो, त्याला काम करून घेणाऱ्याचा हस्तकच समजायचं. पगाराबद्दल न बोलल्याने आमची जबाबदारी तसूभरही कमी होत नव्हती. ते मौन फक्त मध्यस्थाच्या कामाचं होतं.

आम्ही ठरवलं, भांडण होत राहील, माणसांचं आधी. तेरावा पगार तिथे १९७५ च्या प्रेसिडेन्शियल डिक्री ८५१ ने सक्तीचा आहे आणि २४ डिसेंबरच्या आत द्यावाच लागतो. ख्रिसमस तिथे आपल्या दिवाळीसारखा. तिघांना ११ महिन्यांच्या कामाचे प्रत्येकी २९,३३३ पेसो २० डिसेंबरला पोचवले. त्या गरोदर सहकारीला ७०,००० पेसो आणि रजेच्या पगारातला उरलेला फरक आम्ही दिला. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. ते तिचंच होतं, आणि आमच्या निष्काळजीपणामुळे बुडालं होतं. त्या तिमाहीत आमच्या दोघा भागीदारांनी पगार घेतला नाही.

तुम्ही नाशिक, कोल्हापूर, कुठूनही परदेशात माणसं नेमणार असाल, तर माझं एवढं ऐका. मध्यस्थाच्या पावतीवर विसंबू नका. दुसऱ्या महिन्याचा भरणा होऊन गेला की त्या माणसालाच म्हणा, तुझं सरकारी खातं उघड आणि बघ. फिलिपिन्समध्ये एसएसएस भरण्याची मुदत पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत असते, त्यानंतर काही दिवसांत दिसायला हवं. आपण उमंगवर पीएफचं पासबुक बघतो, तसंच ते सोपं आहे. माणूस कामावर आला की ३० दिवसांत त्याची नोंद एसएसएसकडे करायची असते, तिची प्रत नावासकट मागा. पगाराबद्दल माणसाशी बोलायला बंदी करणारं कलम करारात दिसलं तर सही करू नका, मग ते कितीही कायदेशीर भाषेत लिहिलेलं असो. आणि फी का कमी आहे हे तोंडावर विचारा. आम्ही भिडेपोटी विचारलं नव्हतं, सुचवणारा ओळखीचा होता म्हणून.

आता तिघं दुसऱ्या मध्यस्थाकडे आहेत, फी चौपट आहे. दर महिन्याला तिघं आपापलं खातं बघतात आणि आमच्या ग्रुपवर फक्त 'आलं' एवढं लिहितात. जुन्या कंपनीविरुद्ध तिघांनी एसएसएसच्या सेबू कार्यालयात तक्रार दिली आहे. कापलेली रक्कम न भरणं तिथे फौजदारी गुन्हा आहे आणि थकबाकीवर महिन्याला दोन टक्के दंड चढतो. तक्रार चालू आहे. फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०२४ चे तिघांचे रकाने अजून कोरे आहेत.