टॅगेट आठ महिने वापरल्यावर: रोलप्लेच्या लिखाणाला टॅग लावून आम्हाला काय सापडलं

आठ महिने झाले म्हणून आता लिहितेय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसती तक्रार.

आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, एक जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आणि पाच खेळाडू. रोलप्ले म्हणजे एकेक पात्र होऊन गोष्ट रचायचा खेळ, आणि तो आम्ही बोलून नाही, लिहून खेळतो. म्हणजे प्रत्येक जण आपल्या पात्राचं बोलणं आणि कृती लिहितो, जीएम बाकीचं जग लिहितो आणि गोष्ट पुढे सरकते. दोन वर्षं एकच कॅम्पेन, म्हणजे एकच सलग गोष्ट, चालू आहे त्यामुळे लिखाण प्रचंड साठलंय. कुठला धागा अर्धवट राहिला, कुठल्या एनपीसीने (खेळाडूंच्या नाही, जीएमच्या हातातल्या पात्राने) काय वचन दिलं होतं हे शोधायला जीएमला जुनं सगळं उपसावं लागायचं. आणि टॅगेटकडे वळायचं दुसरं एक कारण होतं जे मला जास्त छळत होतं, आमच्यातली एक मैत्रीण, ग्रुपमधली सगळ्यात सुंदर लिहिणारी, ती हळूहळू कमी लिहायला लागली होती. विचारलं की म्हणायची काही नाही गं, वेळ नाही मिळत.

टॅगेट हे मुळात मुलाखती वगैरेंचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांसाठी बनवलेलं फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. वर्ड, पीडीएफ, साधी टेक्स्ट फाइल, एचटीएमएल, ईपब असं काहीही आत घ्यायचं, वाक्य सिलेक्ट करायचं, टॅग लावायचा, झालं. मग एका टॅगवर क्लिक केलं की सगळ्या फाइलींमधली त्या टॅगची वाक्यं एकाखाली एक येतात आणि ती स्प्रेडशीटमध्ये काढूनही घेता येतात. त्यांच्या सर्व्हरवर वापरता येतं नाहीतर आपल्या कॉम्प्युटरवर टाकून ब्राउझरमध्ये चालवता येतं, आम्ही दुसरं निवडलं, त्याचं कारण पुढे सांगते. शिकायला एक संध्याकाळ पुरते.

पण टॅग कसे लावायचे हे सॉफ्टवेअर शिकवत नाही आणि आमचे पहिले सहा आठवडे त्यातच गेले. आम्ही अख्ख्या प्रसंगाला टॅग लावत होतो, ‘लढाई’, ‘प्रवास’, ‘भावनिक’, ‘रहस्य’. त्यातून काय कळलं, तर लढाया बऱ्याच झाल्या, जे आम्हाला आधीच माहीत होतं. शिवाय ज्याला जो सुचेल तो टॅग, त्यामुळे ‘भीती’, ‘घाबरणं’, ‘दहशत’ असे तीन टॅग एकाच गोष्टीचे. टॅग एकमेकांत मिसळायची सोय आहे म्हणून ते निस्तरलं, नाहीतर सगळं परत करावं लागलं असतं. तेव्हापासून नियम केला की नवीन टॅग काढायचा तर त्याच्या वर्णनाच्या जागेत दोन ओळी लिहायच्या, हा कधी लावायचा आणि कधी नाही लावायचा. हे ‘कधी नाही’ फार महत्त्वाचं आहे.

खरा फरक पडला तो प्रसंग सोडून वाक्याला टॅग लावायला लागल्यावर, आणि त्यातही दोनच टॅगमुळे, ‘हाक’ आणि ‘ओ’. कुणी गोष्टीत असं काही टाकलं की ज्यावर दुसऱ्याने काहीतरी करावं तर ती हाक, आणि पुढे कुणाच्याही लिखाणात ती उचलली गेली तर तो ओ. रंगमंचावर उत्स्फूर्त नाटक करणारे लोक ज्याला ऑफर देणं आणि स्वीकारणं म्हणतात तेच हे, पण आमच्यात हाक-ओ हेच रुळलं.

एक जागा दाखवते. पडक्या वाड्यातला प्रसंग. त्या मैत्रिणीचं पात्र रुई, चोर आहे. तिने लिहिलं होतं, ‘जिन्याच्या तिसऱ्या पायरीपासून ओली पावलं सुरू होतात. वर जाणारी आहेत. उतरणारी एकही नाही.’ काय जबरदस्त हाक आहे ही! आणि त्याच्या पुढची पोस्ट जीएमची, त्यात वाड्याबाहेरची घंटा वाजायला लागते, मग सगळे घंटेकडे पळाले आणि पावलं तिथेच राहिली. वाचताना तेव्हा कुणाला जाणवलं नाही, मलाही नाही, पण त्या एका प्रकरणातल्या रुईच्या सगळ्या हाका एकाखाली एक लावून बघितल्या तर चौदा हाका आणि ओ फक्त तीन. भैरव नावाच्या पात्राच्या जवळजवळ प्रत्येक हाकेला ओ होता.

मला आधी वाटलं की आपण सगळे तिच्याशी वाईट वागलो. पण हाकांची वाक्यं परत वाचल्यावर दोन गोष्टी दिसल्या. भैरव नेहमी नाव घेऊन हाक मारतो, ‘रुई, दार तू बघ’, ‘वैद्यबुवा, हे रक्त कुणाचं?’ असं, त्याला उत्तर न देणं शक्यच नसतं. रुईच्या हाका वातावरणात असतात, वास, आवाज, पावलं, कुणाच्याच नावाने नाहीत. आणि दुसरं म्हणजे ती संध्याकाळी लिहायची, जीएम रात्री, बाकीचे सकाळी. सकाळी उठून प्रत्येक जण शेवटच्या पोस्टला उत्तर देत होता आणि शेवटची पोस्ट रोज जीएमची असायची. म्हणजे कुणाचा आकस नव्हता, क्रमच तसा लागला होता.

हे मी आधी जीएमला दाखवलं, मग तिला. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, ‘मला वाटायचं माझं लिहिणं कुणाला आवडत नाही.’ आठ महिन्यांत या सॉफ्टवेअरने बाकी काहीच दिलं नसतं तरी माझी तक्रार नव्हती.

आता जीएम प्रत्येक पोस्टच्या शेवटी एका ओळीत उघड्या राहिलेल्या हाका लिहितो, आणि नवीन काही टाकायच्या आधी आधीची एक तरी उचलायची असं ठरलंय. ती पुन्हा लिहितेय, आधीपेक्षा जास्त.

दुसऱ्या माणसाकडून तेच पान टॅग करून घ्या, हे अगदी आग्रहाने सांगेन. मी आणि वैद्यबुवा खेळणारा मित्र, दोघांनी एकमेकांचं न बघता एकच प्रसंग टॅग केला आणि मग शेजारी ठेवून बघितला. सगळ्यात जास्त मतभेद कुठे, तर बोलतंय कोण यावर. ‘मला या दाराची भीती वाटते, आपण नको जाऊया’ हे पात्राचं वाक्य की लिहिणाऱ्या माणसाचं? समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी १९८३ मध्ये रोलप्ले करणाऱ्यांवर लिहिताना हेच मांडलंय की खेळताना माणूस तीन पातळ्यांवर असतो, रोजच्या आयुष्यातला माणूस, नियम आणि फासे सांभाळणारा खेळाडू आणि पात्र, आणि त्यांच्यात सतत ये-जा चालू असते. आम्ही तेच तीन टॅग घेतले, ‘थर.माणूस’, ‘थर.खेळाडू’, ‘थर.पात्र’, म्हणजे यादीत ते एकत्र राहतात. एका वाक्याला दोन थर लावायला परवानगी ठेवली, आणि जिथे पात्र आणि माणूस दोन्ही लागतात तिथे बहुतेक वेळा ब्लीड असतं, पात्राची भावना आपल्यात किंवा आपली पात्रात उतरलेली. अशा जागा जीएम आता जपून हाताळतो.

दोघांचं जुळणं आकड्यात हवं असेल तर कोहेनचा काप्पा वापरतात, १९६० पासूनचं माप आहे, योगायोगाने जुळलं असतं तेवढं वजा करून उरलेलं जुळणं सांगतं. टॅगेट तो काढून देत नाही, स्प्रेडशीटमध्ये स्वतः करावा लागतो. आम्ही सुरुवातीला केला, नंतर सोडला, कारण आमचं काम मतभेदावर बोलून व्याख्या सुधारण्यातच होत होतं.

मराठीत खेळणाऱ्यांसाठी खास. पीडीएफ आत टाकू नका. देवनागरी पीडीएफमधून मजकूर निघताना वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटायची शक्यता खूप असते आणि एकदा आत गेलेला मजकूर तिथे दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे आधी साध्या टेक्स्टमध्ये साफ करून घ्या, प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला पात्राचं नाव लिहा. आणि शब्द मोजून विश्लेषण करायच्या नादी लागू नका. मी वेगळ्या प्रोग्रॅमने करून बघितलं, तर ‘तलवार’, ‘तलवारीने’, ‘तलवारीवर’ हे तीन वेगळे शब्द धरले जातात, शब्दांची मूळ रूपं काढून घेतल्याशिवाय ती मोजणी काही कामाची नाही.

परवानगीचं बोलते. हे सहा जणांचं लिखाण आहे, एकटीचं नाही. सुरू करायच्या आधी प्रत्येकाला विचारलं, फाइलींमध्ये फक्त पात्रांची नावं ठेवली, खेळाबाहेरच्या गप्पा घेतल्याच नाहीत, आणि कुणी म्हणालं माझं काढ तर काढायचं असं ठरवलं. एकाने एक प्रसंग काढायला सांगितला, कारण न विचारता काढला. आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवलं ते यासाठी.

काय मिळणार नाही तेही सांगते. आपोआप टॅग लागत नाहीत, आलेख नाहीत, आणि कुठल्या हाकेला कुठला ओ ही जोडी ते लावत नाही, आम्ही प्रत्येक हाकेला नंबर देऊन स्प्रेडशीटमध्ये हाताने लावतो आणि त्याला वेळ जातो. एका प्रसंगाला मला साधारण दीड तास लागतो. ज्यांना फक्त कॅम्पेनची विकी हवीय, कोण कुठला राजा आणि कुठलं गाव कुठे, त्यांनी लिंक जोडता येणारं नोट्सचं अ‍ॅप घ्यावं, त्यांच्यासाठी हे नाही. आपण एकमेकांशी कसं खेळतो हे ज्यांना बघायचंय त्यांनी आपल्या जुन्या लिखाणातला एकच प्रसंग घ्यावा, दोनच टॅग घ्यावेत आणि बसावं.

मागच्या महिन्यात जीएमने आमची टोळी परत त्या वाड्यात नेली. जिना अजून ओला आहे. यावेळी वैद्यबुवा सगळ्यांच्या पुढे वर निघालाय आणि रुई त्याच्या मागे दिवा धरून.