सलग पाच अंदाज बरोबर आले, म्हणून फी भरली

टेनिस सामन्यांचे निकाल आधी कसे ओळखावेत हे शिकवण्याच्या नावाखाली माझ्याकडून आणि माझ्या मावसभावाकडून प्रत्येकी साडेसात हजार रुपये उकळण्यात आले. रक्कम फार मोठी नाही. पण ती ज्या युक्तीने काढून घेतली गेली, ती इतकी साधी आहे की हिशेबात पक्की असलेली माणसेही तिला बळी पडतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

नाशिकच्या कॉलेज रोडवर भाड्याच्या हॉलमध्ये मोफत परिचय सत्र झाले. ज्यांना सगळे ‘सर’ म्हणत ते गृहस्थ बोलण्यात तरबेज होते आणि त्यांनी सांगितलेले बरेचसे खरेही होते. क्रमवारीचे गुण मागील 52 आठवड्यांच्या कामगिरीवर ठरतात, त्यामुळे दुखापतीतून परतलेल्या खेळाडूच्या क्रमांकावरून त्याची आजची ताकद कळत नाही. मातीच्या कोर्टवर चेंडू संथ होऊन उंच उसळतो, तर गवतावर तो खाली राहतो आणि जोरदार सर्व्हिस असलेल्याचे फावते. राफेल नदालने फ्रेंच ओपन 14 वेळा जिंकली ती याच मातीवर. हे सारे टेनिस नियमित पाहणाऱ्याला ठाऊक असते आणि त्यासाठी कोणाला दमडीही मोजावी लागत नाही. मात्र याच नदालला 2009 मध्ये त्याच मातीवर रॉबिन सॉडरलिंगने चौथ्या फेरीत हरवले होते, हे सरांनी सांगितले नाही.

सत्रानंतर प्रत्येकाला व्हॉट्सॲपच्या एका लहान गटात घेतले गेले. सामना सुरू होण्यापूर्वी विजेत्याचे फक्त नाव येई, तेही आपण कधी न ऐकलेल्या खेळाडूंच्या चॅलेंजर, म्हणजे दुय्यम दर्जाच्या स्पर्धांमधले. आमच्या गटात सलग पाच नावे बरोबर आली आणि त्याच रात्री बारापर्यंत फी भरण्याची मुदत आली.

फी भरल्यावर अंदाज चुकू लागले. उलगडा झाला तो मावसभावाच्या सातपूरच्या कंपनीतील एका सहकाऱ्यामुळे. तोही त्या सत्राला आला होता, पण त्याच्या गटात दुसराच अंदाज चुकला आणि गट बंद झाला. अशोकस्तंभाजवळ चहा घेताना माझा आणि त्या सहकाऱ्याचा फोन टेबलावर शेजारी ठेवले. सामना तोच, वेळ तीच, ‘आज डोळे झाकून’ हे शब्द तेच, पुढची रॉकेटची दोन चिन्हेही तीच. खेळाडूचे नाव तेवढे उलटे.

टेनिसमध्ये सामना बरोबरीत सुटत नाही, म्हणून ही लबाडी तिथे विशेष सोपी जाते. समजा 640 माणसे आहेत. निम्म्यांना एक नाव कळवायचे, निम्म्यांना दुसरे; ज्यांचे चुकले त्यांना सोडून द्यायचे आणि उरलेल्यांची पुन्हा तशीच वाटणी करायची. पाच सामन्यांनंतर 20 जण असे उरतात, ज्यांनी एकही चूक पाहिलेली नसते. बाकीच्या 620 जणांचे काहीच गेलेले नसल्यामुळे त्यांच्यापैकी कोणी तक्रार करत नाही, आणि फी मागितली जाते ती फक्त त्या 20 जणांकडे.

मी जाब विचारला तेव्हा उत्तर मिळाले, “दादा, तुम्ही अजून शिकाऊ आहात, याला हेजिंग म्हणतात.” हेजिंग म्हणजे तोटा मर्यादित राहावा म्हणून दोन्ही बाजूंवर पैसे लावणे. त्यानंतर मोठ्या स्पर्धांच्या पहिल्या फेरीतील अव्वल मानांकितांची नावे येऊ लागली. ती बहुधा बरोबर येतात, पण त्यात कसले आले कौशल्य? शिवाय अशा खेळाडूवर 1.10 चा भाव असेल, तर शंभर रुपयांवर दहाच सुटतात. दहापैकी नऊ सामने बरोबर आले तरी नव्वद मिळून शंभर जातात. पाठोपाठ सट्ट्याच्या ‘आयडी’ची, म्हणजे ऑनलाइन पैसे लावण्याच्या खात्याची लिंक आली, आणि शिकवणी कशासाठी होती तेही कळले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, हे तिथे कोणी बोलत नव्हते.

95 टक्के अचूकतेची हमी देणाऱ्याने 2019 ची विम्बल्डन अंतिम लढत आठवावी. फेडररने जोकोविचपेक्षा जास्त गुण जिंकले, 218 विरुद्ध 204, आणि पाचव्या सेटमध्ये स्वतःच्या सर्व्हिसवर दोन चॅम्पियनशिप पॉइंट (जो जिंकला की विजेतेपद मिळते असा गुण) मिळवले. तरीही तो हरला. खरोखर अंदाज बांधणारा माणूस फार तर साठ-चाळीस अशी शक्यता सांगतो आणि आपले चुकलेले अंदाजही नोंदवून ठेवतो. सरांकडे आम्ही मागील हंगामाची अशी वही मागितली, तेव्हा आम्हाला गटातून काढून टाकण्यात आले.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या हेल्पलाइन क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आम्ही तक्रार नोंदवली आहे. यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचे नाव सरांचे नव्हते, म्हणून व्यवहार क्रमांकासह त्याचा स्क्रीनशॉटही जोडला. नाशिकमध्ये आणखी कोणी अशा गटात असेल, तर त्याने ते संदेश पुसू नयेत. विशेषतः ज्यांचा अंदाज चुकला आणि ज्यांनी एक रुपयाही गमावला नाही, त्यांचे संदेश हवे आहेत. कारण एकाच सामन्याची दोन्ही नावे शेजारी ठेवल्याखेरीज तपास अधिकाऱ्यालाही यात फसवणूक दिसणार नाही.