गुडरीड्सचे वार्षिक वाचन आव्हान: एका मराठी वाचकाचा अभिप्राय

वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवण्याच्या गुडरीड्स या संकेतस्थळावरचे वार्षिक वाचन आव्हान मी यंदा पूर्ण केले आणि ते करता करता या सोयीचा उपयोग कुठपर्यंत आहे याविषयीचे माझे मत पक्के झाले. नोंदवही म्हणून ती उत्तम आहे. मुकादम म्हणून मात्र तिचे फारसे ऐकू नये.

गुडरीड्स 2007 मध्ये सुरू झाले आणि 2013 मध्ये अॅमेझॉनने ते विकत घेतले. आव्हानात भाग घ्यायला पैसे पडत नाहीत. वर्षाच्या आरंभी आपण एक आकडा ठरवायचा आणि पुस्तक वाचून झाले की संपल्याची तारीख घालून नोंद करायची, एवढेच त्याचे स्वरूप आहे. आकडा 24 असेल, तर मार्चअखेर सहा पुस्तके व्हायला हवीत असा हिशेब मांडला जातो आणि त्यानुसार आपण पुढे आहोत की मागे, हे दाखवले जाते. ठरवलेला आकडा वर्षभरात केव्हाही बदलता येतो. काहींना ही पळवाट वाटते, पण आजारपण, बदली किंवा मुलांच्या परीक्षा यांना वाचनाच्या वेळापत्रकाशी देणेघेणे नसते, त्यामुळे मला ही लवचीकता योग्यच वाटते.

खरी अडचण मोजण्याच्या एककाची आहे. ऐंशी पानांचा कवितासंग्रह आणि नऊशे पानांची कादंबरी या दोहोंना येथे सारखेच, म्हणजे एक, असे मोल आहे. परिणामी वर्षाच्या उत्तरार्धात आकडा मागे पडू लागला की वाचकाचा हात कपाटातल्या बारीक पुस्तकांकडे वळतो आणि जाडजूड ग्रंथ पुढच्या वर्षावर ढकलला जातो. यात अन्याय दोन्ही बाजूंनी होतो, कारण ज्या कवितासंग्रहाकडे महिनोन्महिने परतून यायला हवे, तो दोन संध्याकाळींत उरकून मोजून टाकण्याचा मोह हाच हिशेब निर्माण करतो. पुस्तकांना तारे देतानाही पूर्ण ताऱ्यांचीच सोय आहे, त्यामुळे साडेतीन ताऱ्यांच्या पुस्तकाला कधी झुकते माप मिळते, कधी उणे.

मराठी वाचकाला आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. अॅपमधून पुस्तकावरचा बारकोड टिपून नोंद करण्याची सोय चांगली आहे, परंतु ग्रंथालयातून आणलेल्या जुन्या मराठी पुस्तकांना बहुधा आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांकच नसतो आणि असलाच, तरी पुनर्बांधणीत मूळ मुखपृष्ठासह बारकोड पुठ्ठ्याखाली गेलेला असतो. अशा वेळी शीर्षक टंकून शोध घ्यावा लागतो. तो देवनागरीतून आणि रोमन लिपीतून असा दोन्ही प्रकारे घ्यावा, कारण एकाच पुस्तकाच्या नोंदी वेगवेगळ्या लिपींत असू शकतात. पुस्तक मुळीच सापडले नाही, तर नवी नोंद करण्याची विनंती करता येते. माहितीकोशाची डागडुजी ‘लायब्ररियन’ म्हणवले जाणारे स्वयंसेवक करतात आणि मराठी नोंदी जितक्या नीटस हव्यात, तितके मराठी वाचक या कामात उतरायला हवेत.

सर्वांत मोठी विसंगती दिवाळी अंकांची आहे. ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या वाचनवर्षाचा भरगच्च काळ दिवाळीपासून पुढे काही आठवडे चालतो. त्या काळात कथा, दीर्घलेख, मुलाखती आणि कविता मिळून आपण शेकडो पाने वाचतो, आणि नेमके त्याच वेळी पडद्यावर आपण वेळापत्रकाच्या मागे असल्याचे दाखवले जाते. अंकालाच पुस्तक म्हणून नोंदवण्याचा उपाय मला पटत नाही, कारण दिवाळी अंक आपण क्वचितच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो आणि त्याची संपल्याची तारीख घालणे म्हणजे स्वतःशीच लबाडी होईल. त्यामुळे पुस्तकांचा आकडा ठरवतानाच ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ जवळजवळ रिकामा धरावा, असे मी सुचवेन.

मोजण्याच्या एककाच्या अडचणीमुळे पुढच्या वर्षी मी लंडनच्या नादिया ओडुनायो यांनी उभारलेल्या स्टोरीग्राफ या वाचननोंदींच्या दुसऱ्या संकेतस्थळावर आव्हान घेणार आहे. तेथे पुस्तकांच्या संख्येबरोबरच पानांचे आणि श्राव्य पुस्तकांसाठी तासांचेही उद्दिष्ट ठेवता येते, पाव ताऱ्यापर्यंत गुण देता येतात आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकाची वेगळी नोंद करता येते. पानांचे उद्दिष्ट ठेवले की जाड कादंबरी शिक्षा वाटत नाही. दिवाळी अंकांचा प्रश्न तेथेही सुटत नाही, हे मान्य. गुडरीड्सवरची आपली यादी त्याच्या संकेतस्थळावरून फाइलच्या रूपात उतरवून स्टोरीग्राफमध्ये घेता येते, म्हणून आधीच्या वर्षांच्या नोंदी वाया जात नाहीत. मात्र यादी आणल्यावर मराठी पुस्तके एकदा नजरेखालून घालावीत, कारण दोन्हीकडच्या आवृत्त्या आणि पृष्ठसंख्या जुळतीलच असे नाही, आणि पानांच्या हिशेबात पृष्ठसंख्या चुकून चालत नाही.