असिस्टंटशिपच्या नावाखाली २,२५,८०० रुपये गेले, अर्बन प्लॅनिंगसाठी अमेरिकेला जाणाऱ्यांनी वाचा

असिस्टंटशिप म्हणजे शिकता शिकता युनिव्हर्सिटीत काम करायचं आणि बदल्यात त्यांनी फी माफ करून स्टायपेंड द्यायचा. ती मिळवून देतो म्हणून एका माणसाने मला फसवलं. आधी आकडे सांगते, म्हणजे किरकोळ काहीतरी झालंय आणि ही उगाच ओरडतेय असं कोणाला वाटायला नको. १८,५०० 'प्रोफाइल आणि मॅचिंग'चे, १,४५,००० 'रिफंडेबल सिक्युरिटी'चे आणि ६२,३०० 'टॅक्स क्लिअरन्स'चे. पहिले माझ्या पगारातले, बाकीचे बाबांची एफडी मोडून दिलेले.

हे धंदे कसे चालतात ते तुम्हाला माहितीच आहे, ग्रुपवर कोणीतरी फंडिंग मिळवून देतो म्हणून येतो, खाली दोघं-तिघं 'थँक्यू सर, माझं काम झालं' लिहितात, मग पर्सनल मेसेज सुरू. ते परत उगाळत नाही. पण 'एवढी बी.आर्क. झालेली मुलगी, तुला कळलं कसं नाही' हे जे नातेवाईक येता-जाता ऐकवतायत ना, त्याचं उत्तर मला द्यायचंय.

प्लॅनिंगच्या मास्टर्सला पैसे कुठून मिळतात हे बाहेरून नीट कळतच नाही हो. तिकडे ही प्रोफेशनल डिग्री धरतात, डिपार्टमेंटचे पैसे बहुतेक ठिकाणी आधी पीएचडीवाल्यांना जातात, मास्टर्सवाल्यांना थोड्या असिस्टंटशिप उरतात आणि त्यातल्याही काही डिपार्टमेंटमध्ये नसतातच, कुठे ट्रान्सपोर्टचं रिसर्च सेंटर, कुठे जीआयएस (कॉम्प्युटरवरच्या नकाशांची) लॅब, कुठे लायब्ररी, आणि बऱ्याचदा ते तिथे पोचल्यावरच समजतं. अशा वेळी कोणी म्हणालं की माझी आत ओळख आहे, कुठे जागा रिकामी आहे ते मला आधी कळतं, तर ते अशक्य वाटत नाही. मला नाही वाटलं.

आणि मला फसवणारा तो माणूस येडागबाळा नव्हता. त्याने पहिल्याच कॉलवर सांगितलं की फुलब्राइट-नेहरू मास्टर्स या अमेरिकेत शिकायच्या स्कॉलरशिपमध्ये अर्बन अँड रीजनल प्लॅनिंग हा विषय आहे, पण तीन वर्षांचा फुलटाइम अनुभव लागतो, तुमचा तेवढा नाही, सोडा. जर्मनीच्या डाड (DAAD) या संस्थेच्या स्कॉलरशिपमध्ये प्लॅनिंगचे चांगले कोर्स आहेत पण तिथेही दोन वर्षं लागतात आणि तुम्हाला तर अमेरिकाच हवीय. कॉलेज निवडताना प्लॅनिंग अ‍ॅक्रेडिटेशन बोर्डाची मान्यता बघा असंही म्हणाला. मी एकेक गोष्ट तपासली, सगळी खरी निघाली. मग १८,५०० भरले. यात माझं काय चुकलं मला अजून कळलेलं नाही, इथले धड ऑफिस थाटून बसलेले कन्सल्टंटही फी घेतातच की.

नंतर युनिव्हर्सिटीचं म्हणून पत्र आलं. लेटरहेड, सही, रेफरन्स नंबर, सगळं. ग्रॅज्युएट रिसर्च असिस्टंटशिप, पूर्ण ट्युशन माफ, महिन्याला स्टायपेंड, आणि खाली एक ओळ, आठवड्याला ४० तास काम.

ही ओळ. एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही, हे अमेरिकेला जायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं, मलाही होतं. मी त्याला विचारलं सुद्धा. तो म्हणाला, "मॅडम, फॉलचे २० आणि स्प्रिंगचे २० मिळून ४० लिहितात, त्यांची पद्धत आहे." आठवड्याचे तास दोन सेमिस्टर मिळून कोण मोजतं? हे आता रात्री झोप लागत नाही तेव्हा सुचतं. तेव्हा त्याने ४८ तासांची मुदत घातली होती, पैसे नाही आले तर जागा वेटिंग लिस्टवाल्याला जाणार, आणि माझ्या डोक्यात फक्त घड्याळ चालू होतं. ही मुदत हीच लबाडी असते. तिकडच्या ग्रॅज्युएट स्कूल्सच्या कौन्सिलचा एक ठराव आहे, त्यात भरपूर युनिव्हर्सिट्या सामील आहेत, फंडिंगच्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायला विद्यार्थी बांधील नसतो. गूगल करा, यादीत आपली युनिव्हर्सिटी आहे का बघा.

बँकेत बाबा स्लिप भरत होते. खात्याचं नाव कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं. बाबांनी पेन थांबवून मला विचारलं, "युनिव्हर्सिटीचे पैसे ट्रेडर्सच्या नावावर कसे गं?" आणि मी त्यांना त्या माणसाने पढवलेलं उत्तर दिलं, की एफसीआरएमुळे परदेशी संस्थेचं खातं थेट वापरता येत नाही, हे त्यांचे इथले अधिकृत वेंडर आहेत. बाबांना एफसीआरए काय ते माहीत नाही. मुलगी सांगतेय म्हणून त्यांनी सही केली. १,४५,००० रुपयांपेक्षा मला ते जास्त लागतंय. एफसीआरए हा बाहेरून इथल्या संस्थांकडे येणाऱ्या देणग्यांचा कायदा आहे, तुम्ही फी भरण्याशी त्याचा काही संबंध नाही, कोणी हा शब्द वापरला तर तिथेच फोन ठेवा.

असिस्टंटशिप म्हणजे ते तुम्हाला पैसे देणार, त्यासाठी तुम्ही डिपॉझिट भरायचं नसतं. अ‍ॅडमिशनचं एनरोलमेंट डिपॉझिट काही ठिकाणी खरंच असतं, पण ते युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या पोर्टलवर लॉगिन करून भरतात, कोणाच्या खात्यात नाही.

६२,३०० गेल्यावर त्याने 'फॉरेक्स मार्जिन'चे अजून ८८,००० मागितले तेव्हा मी डिपार्टमेंटच्या वेबसाइटवरून ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरचा पत्ता काढून थेट मेल केला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर, असं कुठलंही पत्र आम्ही दिलेलं नाही. फुकटात, एका मेलमध्ये. पत्र हातात पडल्या पडल्या हा मेल करा, आणि पत्ता पत्रावरचा घेऊ नका, साइटवरचा घ्या, शेवटी डॉट ईडीयू आहे ना ते बघून.

आता आपल्याकडच्या यंत्रणेबद्दल. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नंबर मिळाला. तो घेऊन पोलीस स्टेशनला गेलो तर पहिला प्रश्न, "पैसे तुम्हीच पाठवले ना? मग चोरी कुठे झाली?" चोरी नाही साहेब, फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे त्यासाठी. मग म्हणे खातं दुसऱ्या राज्यातलं, तिकडे जा. नवीन कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. मी मोबाईलवर कलम काढून दाखवलं तर तो पोलीस बाबांना म्हणतो, "काका, पोरगी वकील आहे का?" माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात पोलीस स्टेशनची पायरी चढली नव्हती, ते तिथे बाकावर मान खाली घालून बसले होते आणि आत चहा चालू होता. शेवटी एक अर्ज घेतला आणि शिक्का मारून दिला. एफआयआर अजून नाही.

बँकेचं वेगळंच. म्हणे, तुम्ही स्वतः ट्रान्सफर केलंय म्हणजे हा अनधिकृत व्यवहार नाही, रिझर्व्ह बँकेचं ग्राहकाला संरक्षण देणारं सर्क्युलर यात लागू होत नाही. नियम असेल तसा, पण समोरच्या बँकेने एका ट्रेडिंग कंपनीच्या खात्यात विद्यार्थ्यांचे पैसे येतायत आणि लगेच निघून जातायत हे बघायचं नव्हतं का? ते कोणाचं काम? केवायसीसाठी माझ्यासारखीला तीनदा आधार मागता आणि त्याचं खातं खुशाल चालतं. शेवटच्या ६२,३०० पैकी ९,७४० होल्ड झालेत आणि ते सुटायला कोर्टाचा आदेश लागेल असं सांगितलंय. म्हणून सांगते, संशय आला की आधी १९३०, घरच्यांना सांगायची लाज, रडणं, त्याच्याशी भांडणं सगळं नंतर. मी त्याला शिव्या देण्यात आख्खी संध्याकाळ घालवली आणि तेवढ्यात पैसे पुढे गेले.

चॅट डिलीट करू नका, तो 'सॉरी मॅडम, रिफंड देतो' म्हणून पुन्हा येईल तेव्हा रिफंडसाठी एक रुपयाही भरू नका, आणि पासपोर्टची कॉपी पाठवली असेल तर तक्रारीत तेही लिहा.

तो माणूस नाव बदलून प्लॅनिंग आणि आर्किटेक्चरच्या ग्रुपमध्ये अजून फिरतोय. कोणाकडे 'रिफंडेबल असिस्टंटशिप सिक्युरिटी' असे शब्द आणि आठवड्याला ४० तास लिहिलेलं पत्र आलं असेल तर पैसे थांबवा, आणि पैसे गेले असतील तर सायबर पोर्टलवर तुमचीही तक्रार टाका, रक्कम लहान असली तरी. एकट्या माझ्या अर्जाला कोणी विचारत नाहीये, त्याच खात्यावर आणखी तक्रारी आल्या तर त्यांना टाळणं अवघड जाईल.