म्हापशातला रिसॉर्ट मेंटेनन्स कोर्स: एसी उत्तम, स्विमिंग पूल नावापुरता

मालदीव-दुबईच्या रिसॉर्टांत मेंटेनन्सला जाणाऱ्यांसाठी हा कोर्स एसीपुरता पैसे वसूल आहे. गॅस भरण्याआधी एसीच्या पायपांतली हवा पंपाने काढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनखाली (मायक्रॉन म्हणजे इथे दाबाचं माप) खेचायचा, व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवायचा आणि आकडा बघत बसायचा. थोडा चढून थांबला तर आत ओल, चढतच राहिला तर लिकेज. आर-४१०ए हा एसीतला गॅस मिश्रण असल्याने द्रवरूपातच भरून घेतात. खारा वारा फिन्स (एसीच्या बाहेरच्या युनिटवरच्या पातळ पट्ट्या) कशा खातो, हे गोंयकाराला काय सांगायचं! तरी गोड्या पाण्याने धुवायला लावतात, तेही हलक्या प्रेशरने, नाहीतर फिन्स वाकतात.

स्विमिंग पूलचा भाग मात्र उरकतात. फळ्यावर पीएच ७.२ ते ७.८ लिहिलं की संपलं. टेस्ट किट हातात येतच नाही. गेस्टच्या तक्रारी टॅबवर बंद करण्याचा सरावही शून्य.