"ऑस्ट्रेलियन सायडर सफरचंद"ची १० रोपं घेतली होती, दोन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

नर्सरीचं नाव लिहीत नाही, माणूस फोन उचलतो आणि गोड बोलतो, उगाच कशाला भांडण. पण रोपांबद्दल लिहायलाच पाहिजे कारण गेल्या महिन्यात दिंडोरीच्या दोघांनी मला विचारलं की ते सायडरवालं सफरचंद (सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू) लावू का, तुमच्याकडे आहे ना म्हणे.

आधी हिशोब. रोप ४५० ला एक, दहा घेतली, ट्रान्सपोर्टचे ६०० वेगळे. जाहिरातीत लिहिलं होतं "किंग्स्टन ब्लॅक, ओरिजिनल ऑस्ट्रेलियन सायडर व्हरायटी, नाशिकच्या हवेत हमखास, दुसऱ्या वर्षी फळ, वायनरीवाले घेतात". त्या शेवटच्या दोन शब्दांवर मी गेलो, खोटं कशाला बोलू. गिरणाऱ्याला दोन एकर द्राक्ष आहे, विहिरीजवळचा कोपरा मोकळाच पडलेला, म्हटलं लावून बघू.

पॅकिंगला पाच पैकी पाच. मुळांना ओलं कोकोपीट, वर गोणपाट, प्रत्येक रोपाला टॅग. दोन रोपं आली तेव्हाच मेलेली, फोटो पाठवला तर एक बदलून दिलं, दुसऱ्याचं "पुढच्या लॉटला देतो सर", तो लॉट अजून यायचाय.

मला खटकलं ते वेगळंच. मी फोनवर विचारलं खुंट, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधतात ते खालचं मुळांचं झाड, कोणता आहे. आपण द्राक्षवाले, डॉगरिज की अजून काय हे विचारल्याशिवाय काडी हातात घेत नाही. तर उत्तर काय, "सर कलमी आहे, एकदम ओरिजिनल". अरे बाबा कलमी आहे ते दिसतंय, खाली काय आहे ते सांग. तीनदा विचारलं, तीनदा ओरिजिनल.

रोपं वाढली छान, हे मान्य करायला पाहिजे. डिसेंबरमध्ये पानं हाताने काढून टाका असं त्याने सांगितलं होतं, ते केलं, फेब्रुवारीत फुलं आली आणि दुसऱ्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला फळ हातात. पिवळट हिरवं, एका अंगाला लाली, कुरकुरीत, आंबटगोड. घरी सगळ्यांनी खाल्लं, शेजारी वाटलं, बायकोने मुरांबा केला. मी खुश. मग भाचा आला.

भाचा होबार्टला शिकतो, टास्मानियात, आणि सीझनला ह्युऑन व्हॅलीतल्या एका सायडरच्या बागेत फळं तोडायला जातो. जूनच्या सुट्टीत आला होता. झाडाखाली उभं राहून एक फळ चावलं, दुसरा घास घेतला आणि म्हणाला, "मामा, हे सायडरचं नाही."
"कशावरून रे?"
"चांगलं लागतंय म्हणून."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण नंतर त्याने जे सांगितलं ते आपल्याला लगेच कळण्यासारखं आहे. द्राक्षात आपण थॉम्पसन खातो आणि वायनरीला शिराझ जातो, शिराझ कोणी डिशमध्ये ठेवतं का, जाड साल, बारीक मणी, बियाच बिया. सफरचंदाचंही तेच. सायडरचं खरं सफरचंद चावलं की तोंडात पडदा धरला पाहिजे, कच्चं जांभूळ किंवा ओली सुपारी खाल्ल्यावर हिरड्या आवळतात तसं. तुरट. तो तुरटपणा म्हणजे टॅनिन, आणि आंबवल्यावर साखर सगळी संपते तेव्हा सायडरला अंग येतं ते त्याच्याने. इंग्लंडमध्ये लाँग ॲश्टन म्हणून रिसर्च स्टेशन होतं, त्यांनी याचे चार गट पाडलेत, गोड, आंबट, तुरट-गोड आणि तुरट-आंबट. टॅनिन ०.२ टक्क्याच्या वर गेलं की तुरट आणि ॲसिड ०.४५ च्या वर गेलं की आंबट.

आणि आता मजा बघा. किंग्स्टन ब्लॅक हे तुरट-आंबट गटातलं नावाजलेलं फळ आहे पण ते ऑस्ट्रेलियन नाहीच, इंग्लंडच्या सॉमरसेटचं आहे, ऑस्ट्रेलियात ते तिकडून गेलं. रंगाने गडद, जवळजवळ काळपट लाल. डॅबिनेट, यार्लिंग्टन मिल ही पण तिकडचीच. ऑस्ट्रेलियाची स्वतःची म्हणाल तर ग्रॅनी स्मिथ, १८६८ च्या सुमाराला सिडनीजवळ एका आजीबाईंच्या आवारात उगवलेलं, आणि पिंक लेडी, ते पश्चिम ऑस्ट्रेलियात क्रॉस करून काढलेलं. दोन्ही खायची. म्हणजे माझ्या टॅगवर "ऑस्ट्रेलियन" पण चूक, "किंग्स्टन ब्लॅक" पण चूक. भाच्याच्या मते माझं झाड ॲना असणार, कमी थंडीत येणारी इस्रायलची जात, आणि फळ बघून मला पण तेच वाटतं.

थंडीचं गणित तर मला आधीच सुचायला पाहिजे होतं. या जुन्या सायडरच्या जातींना हिवाळ्यात सात अंशाच्या खाली हजारभर तास लागतात, त्याशिवाय डोळा (फांदीवरचा कोंब) नीट फुटत नाही. आपल्या निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो खरा, पण पहाटे चार तास पाच-सहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस. अशा वीस पहाटा धरल्या तरी ८० तास झाले. द्राक्षाला आपण ऑक्टोबर छाटणीनंतर डॉरमेक्स हे औषध लावून डोळे फोडतो, पण नऊशे तासांची तूट पेस्टिंगने कशी भरणार.

खुंटाचं पण भाच्यानेच सांगितलं. तिकडे एमएम १०६ भरपूर चालतो कारण त्याला लोकरी मावा ही कीड लागत नाही, आणि ते नर्सरीच्या टॅगवर छापलेलं असतं. लोकरी मावा म्हटल्यावर आमच्या आण्णांनी पेपर खाली ठेवला, त्यांना उसावरचा आठवला.

भाच्याने दोन बाटल्या आणल्या होत्या, ह्युऑनच्या एका छोट्या सायडरवाल्याच्या. ताईच्या गच्चीवर उघडली. रंग गढूळ, चहा पातळ केल्यासारखा. पहिल्या घोटाला मला आवडली नाही, गोड अजिबात नाही, आणि वास ओल्या पेंढ्याचा. तिसऱ्या घोटाला हिरड्या आवळल्या आणि मागून सफरचंदाच्या सालीची चव आली, आणि ग्लास संपला तरी ती जाईना. त्याआधी मी कॅनमधलंच सायडर प्यायलो होतो, ते याच्यापुढे सोडा लेमन वाटलं. तो म्हणाला ऑस्ट्रेलियातही बरंच सायडर खायच्या फळातून होतं, बाहेरून आणलेल्या कॉन्सन्ट्रेटमधून पण होतं, म्हणून तिकडच्या संघटनेने १०० टक्के ऑस्ट्रेलियात पिकलेल्या फळाचा वेगळा शिक्का काढलाय.

बनवायची पद्धत ऐकून तर आमचा एक्स्पोर्टवाला चक्कर येऊन पडेल. झाडाखाली पडलेलं फळ पण घेतात, आणि तोडल्यावर दोन-तीन आठवडे सावलीत तसंच ठेवतात, अंगठा दाबला की खड्डा पडला पाहिजे. आपल्याकडे मणी जरा मऊ लागला की कंटेनर कॅन्सल. मग फळ दळायचं, लगदा कापडात बांधून थरावर थर रचायचे आणि वरून दाबायचं, रस निघता निघता कापलेल्या वांग्यासारखा तपकिरी होतो. चोथा गुरांना. पीएच ३.८ च्या खाली आहे ना बघायचं, थोडं सल्फाइट, आणि सोडून द्यायचं. एप्रिल-मेमध्ये रस काढला की लगेच त्यांचा हिवाळा लागतो त्यामुळे थंडीत हळूहळू, काही महिने आंबत राहतं. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चचा रस आणि पुढे एप्रिलचं ऊन, वायनरीवाल्यांना टाक्या गार ठेवायला मशीन लावावी लागते ती त्यासाठीच.

घरी करून बघायचा प्रश्नच नव्हता, तिकडे स्वतःपुरतं आंबवलं तर चालतं (भट्टी लावून गाळायचं नाही), इथे एक्साईजचं लायसन्स लागतं. मग नुसता रस काढला आणि द्राक्षाची साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर लावला. साडेअकरा ब्रिक्स. म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होऊ शकेल, साखरेचं काहीच वाईट नाही. भाचा म्हणाला होईल पण पाण्यासारखं होईल. ओळखीच्या एका वायनरीत विचारलं, सफरचंद घेता का, तो माणूस हसला नाही एवढंच.

एक गोष्ट मात्र त्याची ऐकून मला आत लागली. टास्मानियाला ॲपल आयल म्हणायचे, १७८८ ला कॅप्टन ब्लायने ब्रूनी बेटावर झाडं लावली तिथून सुरुवात, नंतर जहाजंच्या जहाजं फळ इंग्लंडला जायचं. १९७३ ला इंग्लंड युरोपच्या कॉमन मार्केटमध्ये गेलं आणि ते मार्केट हातचं सुटलं. सरकारने झाडं उपटायला पैसे दिले. उपटायला! आपण २०१० ला युरोपने औषधाच्या रेसिड्यूवरून आपली द्राक्षं अडवली तेव्हा काय हाल काढले ते आठवा. त्यातल्या टिकलेल्या बागांनीच आता सायडर धरलंय, ग्रोव्ह गावात विली स्मिथ्स म्हणून आहे, १८८८ पासूनची घरची बाग, तिथे जुलैच्या थंडीत जत्रेसारखं असतं, लोक रात्री बागेत जाऊन भांडी बडवतात आणि झाडांना गाणी म्हणतात, पीक चांगलं यावं म्हणून. भाच्याने व्हिडिओ दाखवला. आण्णा म्हणाले, आपला पोळाच की, बैल नाही एवढंच.

तर रेटिंग. घराजवळ चार झाडं हौसेला, पोरांना खायला, मुरांब्याला म्हणून घेत असाल तर चार स्टार, फळ खरंच बरं येतं आणि झाडं जोमदार आहेत, फक्त मग हेच रोप ॲना म्हणून कुठे स्वस्त मिळतंय का ते बघा. सायडरसाठी, वायनरीसाठी, एकरभर लावायला, एक स्टार आणि तो पण कोकोपीटचा. दिंडोरीवाल्यांनो, द्राक्ष काढून तर बिलकूल लावू नका.

परवा त्याच नर्सरीचा व्हॉट्सॲपला मेसेज आला, "ऑस्ट्रेलियन चेरी, नाशिकच्या हवेत हमखास", खाली फोटो. मी विचारलं खुंट कोणता. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.